चौथी टोपी

१

जळालेल्या घरात पाऊल टाकलं की माणसं आधी नाकाला रुमाल लावतात, आणि रुमाल काढला की खोटं बोलतात. विम्याच्या तपासनीसबाईंनी हे बावीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलं होतं, की आता त्यांना त्याचा रागही येत नसे, नुसता कंटाळा येई. अग्निशमन दलातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘काजळीबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. काजळी हाताला लागली की निदान दिसते, माणसांचं तसं नसतं, असं त्यांचं यावर म्हणणं होतं.

घर दुमजली. खाली दिवाणखाना आणि त्याच्या बरोबर वर मावशींची खोली. सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास दिवाणखान्याच्या छतात आग लागली. खाली बसलेले मावशींचे भाचे आणि भाचेसून धडधाकट बाहेर पडले. वर पलंगावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या मावशी गुदमरून गेल्या. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या. धूर तेवढा जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून वर गेला आणि तेवढा पुरला. मंगळवारी सकाळी पोलिसांनी वायरमनला कोठडीत टाकलं. आज गुरुवार होता.

"उघड आहे हो सगळं," फौजदार म्हणाला. "छतात दिवे आठ. तुम्हाला टोप्या सापडल्या सात. आठवी त्यानं बसवलीच नाही. उद्या दहा वाजता तुमचा अहवाल द्या, की त्याच्यावर मनुष्यवधाचं कलम लावून मी मोकळा."

मोकळं व्हायची फौजदाराला भारी हौस. डोक्यानं तो जन्मापासून मोकळाच असावा, असं बाईंना वाटून गेलं.

छतात गोल भोक पाडून दिवा बसवला, की त्याचं तोंड खाली खोलीत येतं आणि पाठ वर पोकळीत राहते. तापते ती पाठ. तिच्यावर कापड, भुसा, वायरींची भेंडोळी पडू नयेत आणि तिला हवा मिळावी, म्हणून शहाणा वायरमन वरून पत्र्याची टोपी स्क्रूनं बसवतो. शहाणे वायरमन थोडे, आणि त्यांचं ऐकणारे घरमालक त्याहून थोडे. बाकीच्यांना दिव्याचं तोंड दिसलं की पुरे असतं.

सात टोप्या बाईंनी पहिल्याच दिवशी राडारोड्यातून स्वतः वेचून पोत्यात भरल्या होत्या, पोत्याला मोहोर लावली होती आणि ते गाडीत टाकलं होतं. घरातल्या कुणाच्या दृष्टीलाही त्या पडू दिल्या नव्हत्या. आज त्या शिडी घेऊन चौथ्या दिव्याच्या जागी चढल्या. आग तिथूनच सुरू झाली होती, ते तुळई पाहूनच कळत होतं. दिवासुद्धा वेगळ्या घराण्यातला निघाला. बाकी सात थंड प्रकाशाचे, चांगल्या जातीचे होते. हा चौथा मात्र पन्नास वॅटचा हॅलोजन, कुठल्याशा टपरीवरचा. त्याच्याभोवती काहीतरी काळं, डांबरासारखं वितळून घट्ट झालं होतं.

"बघा, दिवाही भिकार लावला त्यानं!" फौजदार खालून ओरडला.

बाईंचं लक्ष दिव्याकडे नव्हतं. त्या तुळईतली चार भोकं न्याहाळत होत्या. बाकीच्या सात जागी टोप्या कान फाटून खाली आल्या होत्या, पण त्यांचे स्क्रू लाकडातच होते, आणि बाईंनी उपसून पाहिले तेव्हा भोकं आतून पांढरीधोप निघाली होती. इथली चारही भोकं त्याच मापाची होती. आत स्क्रूचे आटे उमटलेले होते. आणि आतून ती कोळशासारखी काळी होती.

म्हणजे इथे टोपी बसवलेली होती. आग लागली तेव्हा मात्र स्क्रू भोकांत नव्हते. कुणीतरी ते आधीच काढले होते.

२

भाचेसाहेब मागच्या व्हरांड्यात शोक करत होते. दिवाणखान्यातला सोफा आता व्हरांड्यात आणून ठेवला होता. बाई त्यावर टेकल्या, त्या नेमक्या गाठोड्यासारख्या एका गादीवर. उरलेल्या पाच गाद्या सपाट आणि टणक होत्या, हिला मात्र टेंगळं. बाई सरकून बसल्या, तर वरच्या लोखंडी मांडणीतल्या कुंडीतून त्यांच्या बुटावर पाणी ठिबकायला लागलं. सोनेरी रंग फासलेली पत्र्याची कुंडी होती ती. तिच्यात एक मरतुकडी वेल होती. हौसेला मोल नसतं, असं मनात म्हणून बाईंनी पाय आवरून घेतला.

"मावशीनं मला आईच्या मायेनं वाढवलं," भाचेसाहेब म्हणाले. वय पंचावन्न, केस पंचविशीचे. व्यापारी मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि ही गोष्ट त्यांच्या घरात कुणाला विसरता येत नसे, कारण दिवाणखान्यात त्यांचं हात घडी घातलेलं पुरुषभर तैलचित्र होतं. चौथ्या दिव्याचा उजेड नेमका त्या चित्राच्या कपाळावर पडायचा.

"घर मावशींच्या नावावर होतं?"

"तिचं ते माझंच हो. पण आता कशाला तो विषय?" त्यांनी डोळे पुसले. डोळे कोरडेच होते, रुमालाला मात्र वास चांगला होता.

"सोमवारी काय झालं?"

"मी आणि ही टीव्ही बघत होतो. एकाएकी छताचा तुकडा खाली आला. ज्वाळा! हिला ओढत बाहेर नेलं. वर जायला धावलो, तर जिन्यात धूर." ते थांबले. "एकच समाधान आहे, बाई. तिला काही कळलं नाही. झोपेतच गेली."

"कशावरून?"

"अहो, तिला पलंगावरून एकटीनं उठता येत नसे. काही हवं असलं की काठी जमिनीवर आपटायची. ठक ठक झालं की मी हातातलं टाकून वर जायचो. वीस वर्षांचा शिरस्ता! त्या दिवशी एकदाही आपटली नाही. विचारा हिला."

दारात उभ्या असलेल्या भाचेसुनेनं मान हलवली. तिचे डोळे खरोखर सुजलेले होते. "नाही आपटली," ती हळूच म्हणाली. "झोपेतच गेल्या मावशी."

"आणि त्या वायरमनला सोडू नका," भाचेसाहेबांचा आवाज चढला. "टोप्यांचं केवढं कौतुक सांगायचा! म्हणे सुरक्षा. चाळणीसारखी भोकं पाडलेली ती टोपडी! ज्याला इतकी भोकं, ते आग काय अडवणार? वर एक बसवलीच नाही. आम्हालाच टोपी घातली त्यानं!"

आपल्याच विनोदावर ते जरासे हसले, मग शोक आठवला आणि पुन्हा रुमाल काढला. बाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि ओला बूट झटकत उठल्या.

३

कोठडीतला वायरमन साठीचा, वाळका माणूस होता. त्याच्या बोटांना कापल्याच्या इतक्या खुणा होत्या, की मोजता आल्या नसत्या. बाई समोर बसल्या, तरी तो भिंतीकडेच बघत राहिला.

"टोप्या किती बसवल्या?" बाईंनी विचारलं.

"आठ." मग जरा वेळानं, "बसवल्या असतील."

"असतील म्हणजे?"

"बाई, मंगळवारपासून डोळे मिटले की मी तेच मोजतोय. एक, दोन, तीन... चारपाशी अडकतो. हात आठवतो, स्क्रू आठवतो, पण तो चारचा की पाचचा, ते सांगता येत नाही. चाळीस वर्षं काम करतोय. एकदा माणूस विसरू शकतो. आणि मी विसरलो असेन, तर त्या माऊलीला मी मारलं." त्याचा आवाज फुटला. "फौजदार म्हणतात, कबूल कर, शिक्षा कमी होईल. करून टाकतो. निदान झोप तरी लागेल."

बाईंना आजवर शेकड्यांनी माणसं भेटली होती, आणि त्यांतल्या प्रत्येकानं दोष दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. दोष स्वतःच्या गळ्यात घ्यायला निघालेला हा पहिलाच, आणि त्यालाच आत टाकलं होतं. त्यांनी फौजदाराच्या खोलीकडे एक नजर टाकली. तो बिस्किट चहात बुडवत होता.

"कबूल काही करायचं नाही," बाई ठसक्यात म्हणाल्या. "टोप्यांबद्दल सांगा. पहिल्यापासून."

कामाचं बोलायचं म्हटल्यावर त्याला जरा धीर आला. "घर सजवणाऱ्या मॅडमच्या नकाशात बंद डबे होते. पत्रेवाल्यानं तसेच बंद डबे बनवून दिले. पण बंद डब्यात दिव्याचा जीव घुसमटतो, बाई. त्यालाही श्वास लागतो. म्हणून शेवटच्या दिवशी मी वर मावशींच्या खोलीतच बसलो आणि ड्रिलनं एकेकीला भोकं पाडली. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच राहवेना. मावशींनी पलंगावरून बघत बघत मला दोनदा चहा पाजला. मग पलंग सरकवून फळ्या उचलल्या, टोप्या बसवल्या, फळ्या पुन्हा ठोकल्या."

"त्या खालून नाही काढता येत?"

"कशा येतील? छताचं भोक तळहाताएवढं, टोपी छोट्या पातेल्याएवढी. घालायची ती वरून आणि काढायची तीही वरून."

"भोकं पाडताना आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. साहेब आठवडाभर परगावी होते. वहिनी त्यांच्याबरोबर. मॅडम धूळ असते म्हणून वर येतच नाहीत. संध्याकाळी साहेबांना फोन केला, की काम झालं, आता दिव्यांच्या वर काही ठेवू नका. ‘बरं बरं’ म्हणाले."

"आणि दिवे आठही सारखे?"

"आठही सारखे! फार तापले तर आपणहून विझतात, निवले की लागतात, असे. मी हॅलोजन कशाला लावेन?" तो पहिल्यांदा चिडला. मग पुन्हा खाली वाकला. "टोपीच्या आत खिळ्यानं आकडा कोरतो मी, खाली एक रेघ. आमचा उस्ताद सांगायचा, झाकलेलं काम कुणी बघत नाही, म्हणून आत आपली खूण ठेवावी. चारची टोपी सापडली का, बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं तोंड फिरवलं. फौजदारानं टेबलावर कबुलीजबाबाचा कोरा कागद तयारच ठेवला होता.

४

मॅडमचं कार्यालय इतकं पांढरं होतं, की बाईंना कुठे बसावं कळेना. मॅडम घरं सजवत. घरात माणसं राहतात ही त्यांच्या धंद्यातली एकमेव अडचण होती.

"टोप्या? अहो, ते बंद डबे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या नकाशात स्पष्ट आहे. हा बघा. अगदी कुरूप, पण वर काय, कुणाला दिसतंय?"

"भोकं नव्हती त्यांना?"

"भोकं? छे! बंद म्हणजे बंद. नकाशाची एक प्रत मी साहेबांनाही दिली होती. टोपी वगैरे मी काही डोळ्यांनी बघितलेली नाही. मी फक्त दिसणाऱ्या गोष्टी बघते."

हे वाक्य त्यांनी अभिमानानं उच्चारलं. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण असं कुणी बोललं यावर पुढे कुणाचा विश्वास बसला नसता.

"चौथ्या दिव्याची काही तक्रार?"

"होती ना! महिन्यापूर्वी साहेबांचा फोन आला. आधी चांगला चालायचा, आता रोज अर्ध्या तासानं विझतो, माझ्या चित्रावर अंधार पडतो म्हणाले. मी म्हटलं, वायरमनला बोलवा. तर म्हणाले, त्याला मुळीच वर पाठवायचं नाही, मीच दुसरा दिवा आणून लावतो. खालून काय, कुणालाही लावता येतो. माझ्या सोफ्याचं काय झालं हो? सहा गाद्या खास बनवून घेतल्या होत्या, आत सगळा हिरवा फोम, एकसारखा टणक."

बाईंची पेन्सिल थांबली. विझणारा दिवा बिघडलेला नसतो. तो ओरडत असतो, की माझ्या अंगावर कुणीतरी काहीतरी टाकलंय, मी भाजतोय. आणि या घरानं काय केलं? ओरडणारा काढून मुका लावला.

दुसरी गोष्ट त्याहून लहान होती. भोकं पाडताना वायरमन आणि मावशी सोडून कुणी नव्हतं. नकाशात बंद डबे. पत्रेवाल्यानं दिले बंद डबे. सापडलेल्या सात टोप्या मोहोरबंद पोत्यात. आणि आज सकाळीच व्हरांड्यात एक माणूस म्हणाला होता, चाळणीसारखी भोकं.

तो हे म्हणाला तेव्हा आपल्या बुटावर पाणी का ठिबकत होतं, तेही बाईंना आत्ता कळलं.

५

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बाई फौजदाराला घेऊन घरी पोचल्या. फौजदार कुरकुरत होता. बाई आधी वर मावशींच्या खोलीत गेल्या.

पलंग खिडकीशी होता. शेजारची जाड सतरंजी चुरगळून एका बाजूला लोटलेली होती. पंचनाम्यात तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. काठी पलंगाखाली पडली होती, आणि तिच्या टोकाचं रबर थेट दारापाशी.

"धावपळीत लोटली असेल कुणी सतरंजी," फौजदार म्हणाला.

बाई गुडघ्यांवर बसल्या. सतरंजी जिथून लोटली होती, तिथल्या उघड्या फळीवर त्यांनी बोटं फिरवली. नंतर पलंग सरकवायला लावला. खाली तीन फळ्यांचे खिळे नवे, चकचकीत, आणि वाकडे ठोकलेले होते. असे वाकडे खिळे ज्यानं आयुष्यात कधी खिळा ठोकलेला नाही, तोच ठोकतो. फौजदारानं फळ्या उचकटल्या. आत सगळं जळलं होतं, पण कडेला तुळईच्या खाचेत नखाएवढा तुकडा तसाच राहिला होता. हिरवा.

तोवर भाचेसून चहा घेऊन वर आली होती. उघडी जमीन बघून ती उंबरठ्यातच थबकली.

"वहिनी, ती सोनेरी कुंडी कुणी आणली?" बाईंनी विचारलं.

"कुंडी? ह्यांनी. महिना झाला असेल. म्हणाले, बाजारातून आणलीय, खाली भोकं आहेत, पाणी साचायचं नाही. रंग मीच दिला. का?"

"गेल्या महिन्यात मावशी कधी घरात नव्हत्या का?"

"डोळ्याचं ऑपरेशन होतं. मीच होते त्यांच्यापाशी दवाखान्यात. हे घरी होते, यांची कंबर दुखत होती ना."

"त्याच्या आधी घरात काही झालं होतं? मावशी काही बोलल्या होत्या?"

भाचेसुनेनं कपबशी खाली ठेवली. "आम्ही दोघं रात्री खाली बोलत होतो. घर विकायचं, मावशींना वृद्धाश्रमात ठेवायचं. मी नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मावशी ह्यांना म्हणाल्या, ‘त्या आश्रमात आंघोळीला गरम पाणी मिळतं का रे?’ रागानं नाही, नुसतं विचारलं. हे पांढरेफटक पडले. छतात दिवे बसल्यापासून खालचं सगळं त्यांना वर ऐकू जात होतं." तिनं डोळे पुसले. "डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, विसरल्या."

बाईंनी वही मिटली. जिना उतरताना त्यांनी काठी आणि रबर तेवढं बरोबर घेतलं.

६

भाचेसाहेब व्हरांड्यात न्याहारी करत होते. बाईंनी मांडणीतली सोनेरी कुंडी उचलली आणि त्यांच्या बशीशेजारी उपडी केली. माती, मुळं, वेल सगळं टेबलावर आणि जमिनीवर पसरलं.

"हे काय चालवलंय?" ते ओरडले.

बाईंनी रिकाम्या कुंडीत पाण्याचा पेला ओतला, रुमालानं आतून पुसलं आणि ती फौजदारापुढे धरली. बूड भोकांनी भरलेलं, कडेला स्क्रूचे चार कान. आत खिळ्यानं कोरलेला चार, आणि चाराखाली रेघ.

"काल तुम्ही म्हणालात, चाळणीसारखी भोकं," बाई म्हणाल्या. "ती भोकं वायरमननं बंद खोलीत पाडली आणि त्याच संध्याकाळी वरून फळ्या ठोकल्या. तुमच्या नकाशात बंद डबे आहेत. मग तुम्हाला भोकं कुठे दिसली?"

"मावशी म्हणाली असेल कधीतरी!"

"म्हणाल्या असतील. बोलणं वकील फिरवतात, म्हणून मी बोलण्यावर विसंबत नाही. पत्रा फिरवता येत नाही." त्यांनी सोफ्यावरच्या टेंगळ्या गादीची चेन ओढली. आतून जुने सदरे, एक उसवलेला कोट, आणि व्यापारी मंडळाच्या वार्षिक समारंभाची शाल बाहेर पडली. "सहावा फोम इथे नाही. त्याचा तुकडा वर तुळईत आहे. मावशी दवाखान्यात असताना तुम्ही फळ्या उचकटल्या, टोपी काढली, कारण ती असताना फोम नीट बसेना. मग दिव्यावर फोम कोंबून पोकळी भरून टाकलीत. दिवा गुदमरून विझायला लागला, तेव्हा त्याच्या जागी न विझणारा लावलात, कारण तुमच्या कपाळावर उजेड हवा होता. आणि टोपी फेकून द्यायचीही दानत नाही, म्हणून बायकोला भेट दिलीत. फेकली असती तर सुटला असता."

फौजदारानं न्याहारीतलं उचललेलं बिस्किट खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी काही शिकवल्यासारखं दिसत होतं.

"मी तिला मारायला नाही केलं!" भाचेसाहेब उभे राहिले. चेहरा मातीसारखा झाला होता. "आमचं बोलणं तिच्या कानावर जाऊन तिला वाईट वाटू नये, एवढंच मनात होतं. तिच्या भल्यासाठीच! मला काय माहीत फोम पेटतो म्हणून?"

"वायरमननं फोन करून सांगितलं होतं. दिवा रोज विझून सांगत होता. तुम्ही ‘बरं बरं’ म्हणालात."

"पण तिला त्रास नाही झाला," ते घाईघाईनं म्हणाले, आणि या एका वाक्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखं दिसलं. "झोपेत गेली. काठी आपटलीच नाही तिनं. विचारा हिला!"

बाईंनी काठी टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी रबर ठेवलं.

"सतरंजीवर आपटून आवाज होईना, म्हणून त्यांनी ती पायानं लोटली. मग उघड्या फळीवर आपटली. रबर निखळून दारापर्यंत उडालं, तरी आपटत राहिल्या. फळीवर ताजे खळगे आहेत, मी सत्तावीस मोजले. फोम एकदम पेटत नाही, आधी धुमसतो, चांगला पंधरा-वीस मिनिटं. तेवढा वेळ त्या तुम्हाला बोलवत होत्या. तुम्ही बरोबर खाली बसला होतात."

"मला काहीच ऐकू आलं नाही," ते पुटपुटले.

"ढोलात उशी कोंबल्यावर कसा वाजेल? तुमचं वर जाऊ नये म्हणून बंद केलंत. त्यांचं खाली यायचंही बंद झालं."

भाचेसाहेब खाली बसले, ते मातीतच. दारात भाचेसून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याकडे आली नाही. पुढे होऊन तिनं काठी उचलली, पदरानं तिचं टोक पुसलं आणि ती छातीशी धरून आत निघून गेली.

७

दहा वाजता बाईंनी अहवाल फौजदाराच्या टेबलावर टाकला. तिथे आधीच एक कागद पडला होता. पहाटे वायरमननं कबुलीजबाब लिहून दिला होता. ‘चौथी टोपी बसवायची माझ्याकडून राहिली,’ एवढीच ओळ, आणि खाली सही.

"मी काही जबरदस्ती केली नाही हं," फौजदार म्हणाला. "त्यानं स्वतःच मागितला कागद."

"तुमची तेवढीही कुवत नाही," बाई म्हणाल्या, आणि तो कागद उचलून त्यांनी आपल्या पर्समध्ये घातला.

वायरमनला बाहेर आणलं. बाईंनी पिशवीतून टोपी काढून त्याच्या हातात दिली. सोनेरी रंग, भोकांत अडकलेली माती. त्याला ती आधी ओळखूच आली नाही. त्यानं ती उलटी केली. मग त्याचा अंगठा सवयीनं आत गेला आणि थांबला. आकड्यावरून फिरला, खालच्या रेघेवरून फिरला, पुन्हा आकड्यावर आला. स्क्रूच्या कानांवर त्यानं नख घासलं. चारही कानांवर स्क्रू आवळल्याचे गोल वळ होते.

"ही बसवलेली होती," तो म्हणाला.

"होती. दुसऱ्यानं काढली."

तो तिथेच जमिनीवर बसला आणि टोपी पोटाशी घेऊन लहान मुलासारखा रडायला लागला. फौजदार पुराव्याची वस्तू म्हणून ती परत घ्यायला पुढे झाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो जागच्या जागी उभा राहिला. मग त्या शेजारच्या बाकावर बसल्या, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि त्याचं रडून होईपर्यंत थांबल्या.